निकालात कोकण पहिलं, पण कलेचा तास कुठे आहे?

सुरंगी (कुडाळ)

दहावीचा निकाल लागला की राज्यात कोकण पुन्हा पहिलं, ही बातमी आता कुणाला नवी वाटत नाही. २०२४ मध्ये आपला निकाल ९९.०१ टक्के होता. २०२५ मध्ये ९८.८२, आणि त्या वर्षी राज्याचा ९४.१०. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. या आकड्यांमागे किती शिक्षक आणि पालक राबतात ते रोज बघते, त्यामुळे मला त्याचा अभिमानच आहे.

तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. वेळापत्रकात चित्रकलेचा तास असतो, पण जानेवारी उजाडला की तो गणिताकडे जातो. संगीताचा तर कागदावरही नसतो. मुलं इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला बसतात, कारण दहावीला अ श्रेणीचे ७, ब चे ५ आणि क चे ३ गुण वाढून मिळतात. श्रेणी हातात पडली की रंगपेटी माळ्यावर जाते.

माझ्या वर्गात एक मुलगा आहे, घर दशावताराचं, म्हणजे जत्रेत रात्रभर चालणाऱ्या आपल्या लोकनाट्याचं. प्रश्न विचारला की मान खाली घालतो, निबंध अर्ध्या पानात आटपतो. गेल्या मार्गशीर्षात आमच्या गावच्या जत्रेत त्याला अभिमन्यूच्या कामात पाहिलं. रात्री दीडच्या सुमारास तो द्रोणाचार्यांसमोर उभा राहिला आणि गुरूचं ऋण मोठं की कुळाचं, यावर त्यानं जो वाद मांडला, तो ऐकून पुढे बसलेली म्हातारी माणसं सावरून बसली. भाषा शुद्ध, वाक्यं लांब, एकही अडखळ नाही. यातलं काहीही लिहून दिलेलं नव्हतं, पाठ केलेलं नव्हतं. पंधरा वर्षांचा मुलगा उभ्या उभ्या भाषा घडवत होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या प्रगतिपुस्तकात मराठीला जो शेरा होता तो इथे लिहावासा वाटत नाही.

माझं म्हणणं असं आहे की आपल्याकडे मुलांना घडवणाऱ्या दोन शाळा आहेत. एक दिवसाची, एक रात्रीची, आणि दोघींची एकमेकींशी ओळख नाही. इथे कोकणातले आणि कोकणाबाहेर गेलेले पुष्कळ जण आहेत. कलेनं तुमच्या जगण्यात नेमकं काय केलं, ते लिहाल का? आणि शाळेनं काय करावं असं वाटतं तेही.

रापण (वेंगुर्ले, सध्या ठाणे)

ताई, तुमची तळमळ कळली. पण दुसरी बाजूही मांडायला हवी.

माझे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गावी परत आले ते रिकाम्या हातानं. आमच्या घरात त्या वेळी एकच गोष्ट उपयोगी पडली, ती म्हणजे मोठ्या भावाचं दहावीचं प्रमाणपत्र. त्यावर त्याला नोकरी लागली, त्याच्या पगारावर आम्ही धाकटे शिकलो. मुंबईच्या मनीऑर्डरवर चाललेली घरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना गुणांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. मी बँकेत आहे तो गणितामुळे.

दशावतार मलाही प्रिय आहे, दर वर्षी जत्रेला रजा टाकून येतो. पण रात्रभर काम करून त्या कलावंताच्या हातात किती पडतं, हेही बघावं लागेल. तुमच्या त्या मुलाला टाळ्या मिळाल्या याचा आनंद आहे. पुढे त्यानं पोट कशावर भरायचं? गरिबाच्या मुलाला कला शिकवा म्हणणं सोपं असतं, आपली मुलं मात्र आपण क्लासलाच पाठवतो.

तिरफळ (सावंतवाडी)

सुरंगीताई, वाचलंय आणि गप रवाक जमला नाय. माझे बाबा दशावतारात राजाची कामा करीत. तेंची शाळा आठवीत सुटली. पण पोथी घरात रोज उघडी. माका वाचूक शिकवल्यानी ता तेंनीच, शाळेत नाव घालूच्या आधी.

पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून प्रमाण मराठीत लिहिते.

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की बाबा घरी फक्त झोपायला. आज सोनुर्ली, उद्या दुसरीकडे, असं उन्हाळा संपेपर्यंत. पावसात शेती. रापणदादा म्हणतात ते खरं आहे, पैसे बेताचेच होते आणि आईनं ते दिवस काजूच्या कारखान्यात काम करून काढले. मला दशावतारात मुलगी म्हणून जागा नव्हती आणि बाबांचा आग्रहही होता की तू शिक. मी नर्स झाले.

आता कलेनं काय दिलं ते. मी सरकारी रुग्णालयात काम करते. रात्री दोन वाजता घाबरलेले नातेवाईक अंगावर येतात, ओरडतात. अशा वेळी आवाज कुठे ठेवायचा, कुणाकडे बघून बोलायचं, कधी थांबायचं, हे मला नर्सिंगच्या पुस्तकात मिळालं नाही. बाबा घरात कामाची तयारी करताना मला समोर बसवायचे आणि सांगायचे, "गो, राजान वाकान बोलूचा नाय, पण समोरच्याक ल्हान करूनय बोलूचा नाय." माझ्या हाताखालच्या मुलींना मी हेच शिकवते. माझ्या पगारात बाबांच्या कलेचा वाटा आहे, असं मी मानते. तो कुठल्या हिशेबात धरायचा, ते रापणदादांनी सांगावं.

भोर_घाट (पुणे)

मी देशावरचा. दशावतार एकदाच पाहिलाय, तोही मोबाईलवर. लिहिलेली संहिता नाही म्हणजे नक्की काय? काहीतरी ठरलेलं असणारच ना?

सुरंगी

चांगला प्रश्न. ठरलेलं असतं, पण फार थोडं.

जत्रेच्या संध्याकाळी मंडळी गावात येतात. कुठलं आख्यान लावायचं ते मंडळाचा मालक ठरवतो, कधी गावकऱ्यांची फर्माईश असते. मग पेटारे उघडून प्रत्येक जण आपला चेहरा आपणच रंगवायला बसतो, आणि तिथेच बोलता बोलता प्रवेशांचा क्रम ठरतो. तू अमक्याला अडव, तू या क्षणी निघून जा, इथे पद घे. बस्स. पालखी देवळाभोवती फिरून आली की मध्यरात्रीच्या सुमारास आधी आडदशावतार होतो. त्यात गणपती, सरस्वती, वेद पळवणारा संकासुर अशी पात्रं येतात. मग मुख्य आख्यान, ते उजाडेपर्यंत, आणि शेवटी दहीकाला. रंगमंचावर बहुधा एक बाकडं, तेच सिंहासन, तोच रथ, तोच पर्वत. पेटी, पखवाज आणि झांज एवढ्या साथीवर सगळं उभं राहतं.

संवाद प्रत्येकानं स्वतःचे आणायचे. समोरचा काय बोलेल ते माहीत नसतं, म्हणून ऐकावं लागतं. खरं ऐकावं लागतं, आपली पाळी कधी येते याची वाट बघत नव्हे. मुरलेला नट नवख्याला मुद्दाम पेचात टाकतो आणि तो कसा सुटतो ते बघतो. नवखा अडकला तर पेटीवाला स्वर देतो, पद सुरू होतं, तेवढ्यात विचार करायला वेळ मिळतो. एका मुलाला भाषा, पुराण, तर्क, गाणं आणि समोरच्या माणसाचं भान या सगळ्याचं शिक्षण एका रात्रीत मिळतं, आणि ते पाचशे माणसांसमोर मिळतं. कुठल्या वर्गात एवढं एकत्र होतं ते मला दाखवा.

हल्ली ट्रिकसीनचे प्रयोग वाढलेत, धूर, दिवे, उडते राक्षस. गर्दी होते, मंडळांना पैसेही जास्त मिळतात, त्यामुळे त्यांना दोष देणार नाही. पण त्यात बोलण्याची जागा कमी होत चालली आहे, याची मला काळजी वाटते.

पाटपाणी (निवृत्त कलाशिक्षक, चिपळूण परिसर)

आयुष्य कलाशिक्षक म्हणून गेलं, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

कलेचा तास गणिताला जातो ही तक्रार खरी आहे, पण दुखणं त्याच्या आधीचं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात काय आहे ते बघा. सहावी ते आठवीत १०० पेक्षा जास्त मुलं असतील तर त्या शाळेला कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक मिळावेत. आता आपल्या वाड्यांमधल्या शाळा डोळ्यांसमोर आणा. डोंगरउतारावर वाडी, मध्ये पऱ्या (ओढा), पलीकडे दुसरी वाडी. कित्येक शाळांत पहिली ते सातवी मिळून पंचवीस-तीस मुलं. शंभराची अट इथे कशी पुरी होणार? म्हणजे जिथे वस्ती दाट तिथे कलाशिक्षक, आणि जिथे माणसं शहरात गेली तिथे नाही. कोकणातून मुंबईला गेलेल्या प्रत्येक कुटुंबामागे इथल्या मुलांचा कलाशिक्षकावरचा हक्क थोडा थोडा कमी होत गेला आहे. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढायचा विचार पुढे आला, तेव्हा आपल्याकडे सर्वांत जास्त घाबरगुंडी उडाली ती याच पटामुळे.

तरी मुलं शिकतात. कुठे शिकतात? गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या जागी. आषाढापासून गावातल्या त्या पडवीत माती मळायला, साच्यातून काढलेली मूर्ती घासायला, मग सोवळं-शेला रंगवायला पोरं जाऊन बसतात. पहिल्या वर्षी फक्त पाट रंगवायचा. हात बसला की पितांबर. डोळे आखायला मिळायला वर्षं जातात, आणि ते काम कुणाला द्यायचं ते मूर्तिकार हात बघून ठरवतो, वय किंवा ओळख बघून नाही. एवढी प्रामाणिक परीक्षा मी माझ्या नोकरीत घेतलेली नाही, कारण मला वर्गातल्या प्रत्येकाला श्रेणी द्यावीच लागे.

रापण यांनी पोटाचा प्रश्न काढला. माझे सगळे विद्यार्थी चित्रकार झाले नाहीत. काही सावर्ड्याच्या कला महाविद्यालयात गेले, काही मुंबईला जे. जे. त. पण बाकीचे बघा. एक मुलगी कृत्रिम दात बनवणाऱ्या प्रयोगशाळेत आहे आणि रंगछटा जुळवण्यात तिचा हात धरणारा तिथे कुणी नाही. एक जण चिरेखाणीवरचं काम सोडून घरांचे आराखडे काढायला लागला. एक शेतकरी आहे, तो कलमांच्या बागेची आखणी कागदावर इतकी सुंदर करतो की कृषी खात्याची माणसं बघायला येतात. बघायची सवय लागली की ती कुठल्याही धंद्यात कामाला येते.

रापण

तिरफळ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वाटा कुठल्या हिशेबात धरायचा, याला माझ्याकडे उत्तर नाही आणि तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पाटपाणी सरांची पटाची माहितीही महत्त्वाची आहे.

माझा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही. रात्रभर जागलेलं मूल सकाळी वर्गात झोपतं. जत्रांचा मोसम आणि परीक्षेचे दिवस एकमेकांवर येतात. आमच्या वाडीतली हुशार पोरं याच पायी दहावीला मागे पडलेली मी पाहिली आहेत, आणि नंतर कुणी त्यांना विचारलं नाही. कलेचं कौतुक करणाऱ्यांनी या झोपेचाही विचार करावा.

खेळे_संगमेश्वर (सध्या नालासोपारा)

रत्नागिरीकडचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे लोकनाट्य म्हणजे नमन-खेळे आणि नाचगाणं म्हणजे जाखडी.

जाखडीतला शक्ती-तुरा म्हणजे सवाल-जवाब. तुरेवाला शाहीर पुराणातला एखादा प्रश्न गाण्यात टाकतो, शक्तीवाल्यानं गाण्यातच उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर गावात वर्षभर त्याची चर्चा. आमचे शाहीर दिवसा रंगकाम करायचे, शिक्षण चौथी. पण सवालाला उत्तर पाहिजे म्हणून त्यांनी हरिविजय, पांडवप्रताप, नवनाथ सगळं वाचून काढलं होतं, वहीत टिपणं काढली होती. वाचनाची गरज लागली म्हणून वाचन आलं. आम्ही मुलांना वाच वाच म्हणतो, पण कशासाठी वाचायचं ते त्यांच्यापुढे ठेवत नाही.

दुसरी गोष्ट. मी एकोणिसाव्या वर्षी मुंबईत आलो तेव्हा दहा बाय दहाच्या खोलीत गावची आठ-नऊ जणं राहायची. मंडळाच्या तालमी नसत्या तर आमच्यातले निम्मे व्यसनाला लागले असते. मी हे अंदाजानं नाही, ज्या खोल्यांत तालीम नव्हती त्या बघून सांगतो. मी गवळणीत मावशी करायचो, मृदंग वाजवणारा टॅक्सी चालवायचा. मुंबईतल्या नाट्यगृहात नमनाचा प्रयोग लावून जे पैसे उरले त्यातून गावच्या शाळेचं छप्पर झालं. तेव्हा रापणभाऊ, शाळेनं कलेला काही दिलं की नाही ते माहीत नाही, पण कलेनं आमच्या शाळेला पत्रे दिले.

भोर_घाट

हे सगळं वाचून पुढच्या जत्रेला यायचं ठरवलंय. कुठे जावं ते सांगा.

दर्याकिनारी (मालवण)

सगळे बाप्ये बोलतायत आपापल्या रंगमंचाबद्दल, आणि एकटी तिरफळताई म्हणून गेली की मुलगी म्हणून जागा नव्हती. त्या वाक्यावर कुणी थांबलं नाही.

दशावतारात लक्ष्मी पुरुष करणार, नमनात गवळण पुरुष करणार, डबलबारीला, म्हणजे भजनाच्या सामन्याला, बुवा बसणार. आमच्या वाट्याला चतुर्थीतल्या फुगड्या. त्या मला आवडतात, माझ्या आजीला शंभरावर फुगडीगीतं येत होती आणि तिनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पण फुगडी घराच्या खळ्यात आणि नाटक देवळाच्या मांडावर, हा फरक आहेच. आता महिलांची दशावतारी मंडळं उभी राहिली आहेत, भजनाला बायका पखवाज घेऊन बसतात. माझी मुलगी पखवाज शिकते. गावात दोन वर्षं कुजबुज झाली, आता त्याच लोकांकडून तिला बोलावणं येतं. रात्रीच्या त्या शाळेत मुलींचं नाव घालणार असाल तरच मी सुरंगीताईंच्या बाजूनं.

सुरंगी

दर्याकिनारी, अगदी मान्य. उलट दिवसाची शाळा इथेच कामाला येऊ शकते. वर्गात मुलगे आणि मुली एकत्र असतात, तिथे राजा कुणी करायचा हे परंपरा ठरवत नाही, शिक्षक ठरवू शकतो.

कापाच्या_काठी (पिंगुळीजवळ)

आमच्या गावचं थोडं. पिंगुळीच्या गुढीपुरात ठाकर समाजानं चित्रकथी सांभाळली. कागदावर रंगवलेल्या चित्रांची पोथी, एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारत गाऊन सांगायचं. शिवाय कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ. परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री जाहीर झाला, त्यांनी आपल्या घराजवळच संग्रहालय उभं केलंय. पुरस्कारानंतर सहली वाढल्या. बस येते, मुलं एक फेरी मारतात, फोटो काढतात, बस जाते. एखाद्या शाळेनं ‘आमची दहा मुलं दर शनिवारी पाठवतो, त्यांना शिकवा’ असं म्हटलेलं मी अजून ऐकलं नाही.

सावंतवाडीत गंजिफाचं, म्हणजे हातानं रंगवलेल्या पत्त्यांच्या खेळाचं, उलट उदाहरण आहे. तो खेळ संपल्यात जमा होता. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात म्हाताऱ्या कारागिरांकडून नव्या मुलांना शिकवायची व्यवस्था केली, म्हणून आज ते गोल पत्ते रंगवणारे हात आहेत. दशावतारी गंजिफात १२० पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. एक संच रंगवायचा तर हात किती स्थिर लागतो ते बसल्याशिवाय कळत नाही. कला टिकली ती शिकणारा समोर बसवला म्हणून. पुरस्कार, मानांकन हे सगळं त्याच्या नंतरचं.

पाटपाणी

याला जोडून वाचनालयांबद्दल दोन शब्द. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, आमच्या चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणच्या वाचनालयात पाणी शिरून पुस्तकांचं मोठं नुकसान झालं. ज्या गावात घराघरांत चिखल होता, तिथे माणसं वाचनालयाची विचारपूस करत होती, हे मी बघितलं आहे.

रापण

सुरंगीताई, मग तुमचा प्रस्ताव काय? नुसतं हळहळून त्या मुलाचं काही होणार नाही.

सुरंगी

प्रस्ताव लहान आहे, उद्यापासून करता येईल असा.

दहावीला भाषेची ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचं अंतर्गत मूल्यमापन असतं. त्यात तोंडी काम येतं. बहुतेक ठिकाणी मुलं पाठ केलेलं भाषण म्हणून दाखवतात. मी नववीपासूनच ते बदलणार आहे. धड्यातला एखादा पेच घ्यायचा, दोन मुलांना समोरासमोर उभं करायचं, लिहून काही द्यायचं नाही. एकानं अडवायचं, दुसऱ्यानं वाट काढायची. यात तो मुलगा बाकीच्यांना शिकवेल, त्याचं कसब वर्गात उजेडात येईल आणि त्याचे गुणही वाढतील. रापणदादा, तुमच्या हिशेबातही हे बसतं.

यानंतर त्यानं हेच बोललेलं कागदावर उतरवायचं. त्याला निबंध येत नाही कारण कागद समोर उभा राहून त्याला अडवत नाही. आधी बोलू दे, मग लिहू दे.

झोपेचं म्हणाल तर तेही खरं आहे. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन तासांना चाचणी ठेवायची नाही, एवढं मुख्याध्यापकांकडे मागितलं आहे. मंडळाच्या मालकांशीही बोलणार आहे, फेब्रुवारीनंतर दहावीच्या मुलाला रात्री उभं करू नका म्हणून.

आणि एक माणूस हवा आहे, ज्यानं आयुष्यभर हे केलंय आणि जो वर्गात येऊन मुलींनाही तितक्याच आस्थेनं शिकवेल. मानधन शाळा थोडंच देऊ शकेल.

रापण

पहिल्या वर्षाचं मानधन माझ्याकडून. मुलाला दहावीला गणितात मदत लागली तर रविवारी फोनवर मी शिकवीन, तेवढा नंबर संपर्कातून पाठवा.

दर्याकिनारी

मुली किती आहेत वर्गात? त्यांच्यातली एक तरी पहिल्या जोडीत हवी.

सुरंगी

मुली जास्त आहेत. पहिली जोडी तो मुलगा आणि वर्गातली सर्वांत भांडखोर मुलगी. ठरलं.

तिरफळ

बाबांक आताच इचारलंय. येतंय म्हणतत, पण मानधन नको, येष्टीचा भाडा दिल्यार पुरे. शनिवारी चालात?

सुरंगी

चालेल. शनिवारी सकाळची शाळा असते, साडेअकरानंतर वर्ग मोकळा आहे. भाडं आणि मानधन दोन्ही देऊ, बाबांना तेवढं समजावून सांग.